आडात नाही तर टाकीत कुठून?

पेट्रोल महागलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. घराघरात किराण्याच्या यादीला कात्री लागते आणि नाक्यानाक्यावर गाडीचं ॲव्हरेज वाढवण्याचे रामबाण उपाय सांगणारे उगवतात. कुणी टाकीत टाकायच्या गोळ्या विकतं, कुणी पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक. या सगळ्यांत भाव खाऊन जातं ते ‘हायड्रोजन किट’. पाण्यापासून गॅस तयार करायचा, तो इंजिनात सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचं! काहीजण ते तयार विकत घेतात, हौशी मंडळी घरी बनवतात. आता घरी बनवायचं म्हणजे कुठे? तर आपल्याच ओट्यावर, आपल्याच डब्या-बरण्यांतून. म्हणून म्हटलं, हा विषय मोटारींच्या पानावर सोडून चालायचं नाही.

आधी ही वस्तू असते काय, ते सांगते. एक घट्ट झाकणाची बरणी. तिच्यात स्टीलच्या पट्ट्या, पाणी, आणि पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश. पट्ट्यांना गाडीच्या बॅटरीच्या वायरी जोडायच्या. वीज सुरू झाली की बुडबुडे यायला लागतात. एका पट्टीपाशी हायड्रोजन, दुसरीपाशी ऑक्सिजन. दोन्ही एकाच नळीतून इंजिनाच्या हवेच्या वाटेला सोडून द्यायचे. विकणारे त्याला ‘एचएचओ गॅस’ असं भारदस्त नाव देतात. पण शाळेत ‘पाण्याचे विद्युत अपघटन’ म्हणून जो प्रयोग असतो ना, तोच हा. त्यात लबाडी काही नाही. १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तो करून दाखवला. बुडबुडे तेव्हाही खरे होते, आजही खरेच आहेत. आणि माणसं फसतात ती नेमकी इथेच. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, काडी लावली तर ‘फट्’ असा आवाज येतो, मग पुढचं ॲव्हरेजचंही खरंच असणार असं वाटायला लागतं.

बचत गटांचं काम मी पंधरा-सोळा वर्षं करते आहे. सांगलीत आमच्या भागातल्या एका गटाकडे एका पावसाळ्यात कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, ‘गाडीदुरुस्ती’. रक्कम बारा हजार. अर्ज करणारीचे यजमान शाळेच्या मुलांची ने-आण करतात. जुनी, पेट्रोलवरची ओम्नी आहे. दुरुस्ती कसली म्हणून विचारलं तर कळलं, दुरुस्ती नाहीच, किट बसवायचं आहे. विकणाऱ्यानं तिला कागदावर हिशेब मांडून दिला होता. महिन्याचं पेट्रोल साडेनऊ हजारांचं. चाळीस टक्के वाचलं तर महिन्याला अडतीसशे. म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांत किटचे पैसे फिटले आणि पुढे सगळा फायदाच! हिशेबात चूक एका पैशाची नव्हती. फक्त ते ‘चाळीस टक्के’ कुठून आले, एवढंच त्या कागदावर नव्हतं.

ती बिचारी अगदी मनापासून सांगत होती, ‘‘ताई, पाण्यावर चालतंय म्हणे. पाणी काय, फुकटच की.’’

आमच्या गटात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक मावशी आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. पण दर महिन्याला विजेचं बिल स्वतः भरत असल्यामुळे विजेशी त्यांचा चांगलाच परिचय. त्यांनी विचारलं, ‘‘बुडबुडं पाण्याचं, ते कळलं. पर वीज कुणाची?’’

‘‘बॅटरीची.’’

‘‘बॅटरीत कुठनं येती?’’

‘‘इंजिन भरतंय की.’’

‘‘आन् इंजिन कशावर चालतंय?’’

‘‘पेट्रोलवर.’’

‘‘मग पाण्यावर काय चालतंय गं, बाई?’’

मैत्रिणींनो, इंजिनिअरिंगच्या जाड जाड पुस्तकांत जे लिहिलेलं असतं, ते या चार प्रश्नांत आलं. पाणी हे इंधन नाहीच. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतली राखच म्हणा ना! राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर ते लाकूड जळताना जेवढी ऊर्जा मिळाली, किमान तेवढी तरी खर्च करावी लागणार. आणि गाडीत ती ऊर्जा येणार कुठून? पेट्रोलच्या टाकीतूनच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मावशींचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. आकड्यांशी माझं नातं घरखर्चाच्या वहीपुरतं. म्हणून आमच्या शेजारच्या निवृत्त विज्ञान शिक्षकांकडे गेले आणि म्हटलं, ‘‘सर, मला हे वाटी-चमच्याच्या मापात सांगा.’’ त्यांनी संध्याकाळभर बसून ते करून दिलं. तोच हिशेब इथे देते, कारण विकणाऱ्याच्या कागदासमोर ठेवायला आपल्याकडेही एक कागद हवा.

समजा किट बॅटरीतून दहा अँपिअर वीज घेतं आणि आत पट्ट्यांचे सहा कप्पे आहेत. साधारण असंच असतं. तर तासाभरात त्यातून हायड्रोजन निघतो सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. हायड्रोजन ताकदीला जबर, हे खरं. वजनास वजन धरलं तर पेट्रोलच्या पावणेतीन पट उष्णता देतो. तरी सव्वादोन ग्रॅम म्हणजे किती? सहा ग्रॅम पेट्रोलएवढं. चहाचे जेमतेम दोन चमचे! ज्या तासाभरात गाडी अडीच-तीन लिटर पेट्रोल पिते, त्या तासात किटची कमाई दोन चमच्यांची.

आता खर्चाची बाजू. ही वीज बनते अल्टरनेटरमध्ये. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकं फिरवण्याच्या कामी आणतं, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. अल्टरनेटर त्याला मिळालेल्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाया घालवतो. मग बरणीत पाणी फोडताना उरलेल्यातला जवळपास निम्मा भाग पाणी तापवण्यात जातो. (किट हाताला गरम लागतं ते म्हणूनच. विकणारे ते ‘काम करतंय’ याचं लक्षण म्हणून दाखवतात!) सगळं धरून ते दोन चमचे मिळवायला पेट्रोल जाळावं लागतं अंदाजे अर्धी वाटी. शंभर रुपये टाकून सात-आठ रुपयांचा माल घ्यायचा, असा हा व्यवहार. शिवाय तो हायड्रोजन पुन्हा त्याच इंजिनात जळणार, म्हणजे त्यातलाही पाऊण भाग वायाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आपण ऐकला होता. इथे तर कोंबडी शिजायच्या आधीच मांजरानं नेली.

हा हिशेब पुढे केला की विकणारे म्हणतात, ‘‘अहो, पण अल्टरनेटर तर तसाही फिरतच असतो. त्याची वीज फुकटच जाते.’’ हे ऐकायला इतकं सयुक्तिक वाटतं की भलेभले गप्प बसतात. माझ्या वयाच्या बायकांना मात्र याचं उत्तर पायांनी ठाऊक आहे. आठवते ती डायनामोची सायकल? संध्याकाळी क्लासहून परत येताना दिवा लावायचा म्हणून डायनामो टायरला टेकवला की पायडल कसं जड व्हायचं! चाक तर आधीही फिरतच होतं ना? मग जड का झालं? कारण दिव्याची वीज आपल्या पोटरीतून निघत होती. अल्टरनेटर हा गाडीचा डायनामो. जेवढी जास्त वीज मागाल तेवढा तो इंजिनाला जड होतो. दिवे, एसी, किट, काहीही लावा, त्याचं बिल टाकीतूनच जातं.

इथेही निभाव लागला नाही की शेवटचं अस्त्र निघतं. ‘‘हायड्रोजन इंधन म्हणून नाहीच हो, त्यानं पेट्रोल पूर्ण जळतं.’’ म्हणजे एरवी पेट्रोल अर्धवट जळून वाया जातं, असं गृहीत धरायचं. आता गॅसच्या शेगडीचं बघा. ज्योत पिवळी असेल, पातेल्याचं बूड काळं होत असेल, तर गॅस नीट जळत नाही हे आपण ओळखतो आणि बर्नर साफ करतो. पण ज्योत निळीशार असेल तर? गॅस जवळजवळ पूर्ण जळतोच आहे. तरीही बरीचशी आच पातेल्याच्या कडेनं निघून जाते. ती वाचवायला झाकण ठेवायचं, कुकर लावायचा. ज्योत आणखी ‘चांगली’ जाळून काही हाती लागत नाही. ठीकठाक अवस्थेतलं पेट्रोल इंजिन निळ्या ज्योतीसारखं असतं. जळायचं राहून जाणारं पेट्रोल शेकड्याला दोन भागांच्या आसपास. मग ‘पूर्ण जळून’ चाळीस टक्के वाचतील कसे?

या बाबतीत नासाचं नाव सर्रास घेतलं जातं. नासानं १९७७ मध्ये पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिन चालवून पाहिलं होतं, हे खरं आहे. पण तो हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मिथेनॉलपासून घेतलेला होता. गाडीच्या बॅटरीवर चालणारी बरणी त्यात कुठेच नव्हती. अर्धं वाक्य खरं आणि अर्धं आपल्या सोयीचं, ही विक्रीची जुनी युक्ती.

तुम्ही म्हणाल, पण आमच्या भाऊजींच्या गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढलं आहे, त्याचं काय? भाऊजी खोटं बोलतात असं मी मुळीच म्हणणार नाही. होतं असं की, किट बसवायला गाडी गॅरेजमध्ये गेली की मेकॅनिक एअर फिल्टर झटकतो, प्लग साफ करतो, टायरची हवा बघतो. आणि बारा हजार घातलेला माणूस पुढचा महिनाभर गाडी फुलासारखी चालवतो. वजन कमी करायची महागडी पावडर घेतल्यावर महिनाभर आपण नाही का रात्रीचा भात सोडत? मग वजन उतरलं की श्रेय पावडरीला.

ॲव्हरेज मोजायची एकच पद्धत मला पटते. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि किती लिटर मावलं ते लिहायचं. असं निदान महिनाभर. आणि किट चालू आहे की बंद, हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. कुठल्या विक्रेत्यानं अशी वही दाखवली आहे का, विचारून बघा. दाखवतात ते गिऱ्हाइकांचे फोटो. आपल्या पुण्यात एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था १९६६ पासून आहे. ‘तिथला ॲव्हरेजचा चाचणी अहवाल दाखवा’ एवढं एकच वाक्य म्हणून बघा. चहा न पिताच उठतात!

मग सांगतात की मोठ्या तेल कंपन्या हा शोध दाबून टाकतात. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून विकत आणतो. बरणीभर पाण्यानं त्यात पाचदहा टक्क्यांची जरी बचत झाली असती तरी सरकारनंच ती बरणी रेशनवर वाटली असती. आणि लिटरमागे एक किलोमीटर वाढवायला वर्षानुवर्षं झटणाऱ्या गाड्यांच्या कंपन्या दोन-चार हजारांची वस्तू कारखान्यातच बसवून मोकळ्या झाल्या नसत्या का?

या मोहाला देश-भाषा नाही, हे मात्र खरं. अमेरिकेत ओहायोमध्ये स्टॅन्ली मेयर नावाचे गृहस्थ पाण्यावर गाडी चालवतो म्हणत. पैसे गुंतवलेल्या दोघांनी त्यांना कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी ते यंत्र तपासलं तर आत नेहमीचंच विद्युत अपघटन. १९९६ मध्ये न्यायालयानं ही ढळढळीत फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तमिळनाडूत रामर पिल्लै यांचं ‘वनौषधी पेट्रोल’ गाजत होतं. पाल्यापासून पेट्रोल! केवढं कौतुक झालं होतं तेव्हा त्यांचं. प्रत्यक्षात विकलं जात होतं ते पेट्रोलियम पदार्थांचंच मिश्रण. सीबीआयचा खटला चालला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा सुनावली. वीस वर्षं लागली! २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार यांच्या पाण्याच्या किटनं तर मंत्र्यांपासून टीव्हीवाल्यांपर्यंत सगळ्यांना नादी लावलं होतं. गरज तीच, गाऱ्हाणं तेच, फक्त गावं वेगळी.

अलीकडे आणखी एक घोटाळा होतो. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यामुळे किटवाले छातीठोकपणे सांगतात, ‘‘बघा, मंत्रीसुद्धा हेच वापरतात.’’ हे नव्हे हो! त्या गाडीत हायड्रोजन बनत नाही. तो बाहेर, दुसऱ्या विजेवर बनवून, प्रचंड दाबाच्या खास टाक्यांमध्ये भरलेला असतो. त्या विजेचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात. पाणी त्या गाडीतून बाहेर पडतं, आत भरलं जात नाही. हायड्रोजन खोटा नाही. फुकटचा हायड्रोजन खोटा आहे.

इथवर पैशांचं झालं. पैसे गेले तर हळहळून पुन्हा कमावता येतात. पण त्या कर्जाच्या अर्जानं माझी झोप उडवली ती वेगळ्याच कारणानं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. किट बसणार तिथेच जवळपास. आणि गाडीत बसणार पहिली-दुसरीची लेकरं, दप्तरांसकट एकमेकांच्या मांडीवर.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती आपल्याला कळते. इथे नाकाला काही कळणार नाही. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि पेटायला अगदी बारीकशी ठिणगी पुरते. या बरणीत तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच गोळा होतात, म्हणजे दारू आणि वात एकाच डबीत. पाठीमागे आग येऊ नये म्हणून मध्ये पाण्याची दुसरी बाटली लावतात, पण तिच्यातलं पाणी उन्हाळ्यात आटलं तर बघणार कोण? गाडी बंद करून किटचा स्विच चालू राहिला तर बंद गाडीत गॅस साठत राहणार. कॉस्टिकचं पाणी सांडलं तर कातडी भाजणार, डोळ्यांत गेलं तर डोळा जाणार. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. उद्या काही झालं तर विम्याच्या दाव्यातही हा फेरफार आड येणार.

ही नुसती भीती घालणं नव्हे. आमच्याच भागात अकरावीतल्या एका मुलानं गॅलरीत असं यंत्र बनवलं. वडिलांच्या स्कूटरला बसवून त्यांना चकित करायचं होतं. लोणच्याची काचेची बरणी, स्टीलच्या पट्ट्या, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला कॉस्टिक सोडा. दोन दिवस बुडबुडे बघून खूश होता. तिसऱ्या दिवशी गॅस किती निघतो ते बघायला नळीच्या तोंडाशी लायटर नेला. आग नळीतून आत गेली आणि बरणी फुटली. काचेनं हात कापला आणि कॉस्टिकचं पाणी मानेवर, डाव्या डोळ्यात. त्याच्या आईनं, तिच्या हुशारीला माझा नमस्कार, क्षणाचाही विचार न करता त्याला नळाखाली धरलं आणि रिक्षा येईपर्यंत डोळा धुत राहिली. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला तो त्या नळामुळे. ‘‘मला वाटलं, अभ्यासाचंच काहीतरी करतोय,’’ असं ती मला नंतर म्हणाली. बरोबर आहे तिचं. मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालण्यापेक्षा काहीतरी बनवतोय, याचा आईला आनंदच होणार.

म्हणून त्या मुलाला किंवा त्याच्यासारख्या हौशी माणसांना वेड्यात काढायला माझी लेखणी तयार होत नाही. हाताला काम आणि डोक्याला चाळा असलेली मुलं ती. त्यांना हाच प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखत, छोट्या बॅटरीवर करू द्या. किती वीज गेली आणि किती गॅस आला, ते मोजायला लावा. विजेच्या प्रमाणात किती गॅस निघणार, याचा नियम फॅरेडेनं १८३० च्या दशकातच मांडून ठेवला आहे. तो स्वतःच्या हातानं पडताळून बघितलेला मुलगा पुढे कुठल्याही किटवाल्याच्या हाती लागायचा नाही.

राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. घरात पेट्रोलचा प्रश्न निघाला की बाईला सांगितलं जातं, ‘तुला त्यातलं काय कळतं?’ आणि पैसे कमी पडले की मात्र कर्ज तिच्या गटातून काढायचं, हप्ता तिनं भरायचा, हप्त्यासाठी दूध अर्ध्या लिटरवर आणायचं तिनं. ज्या व्यवहाराचा हप्ता आपण भरणार, त्यातला ‘वीज कुणाची?’ हा प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. गिरणीचं बिल भरलेलं असलं तरी पुरतं.

आमच्या गटानं तो अर्ज नामंजूर केला. सोपं गेलं नाही. तिचे यजमान मीटिंग चालू असताना दारात येऊन बरंच काही बोलून गेले, आणि अजूनही मला रस्त्यात बघितलं की तोंड फिरवतात. नंतर तिनं दुसरा अर्ज केला, साडेचार हजारांचा, खऱ्या दुरुस्तीचा. क्लच घसरत होता, दोन टायर गुळगुळीत झाले होते, चाकांचे ब्रेक धरून राहत होते. तो मंजूर झाला. टायर जुन्या बाजारातून पण चांगले मिळाले. आता ती स्वतः वही ठेवते, फुल टाकी ते फुल टाकी. लिटरमागे एक किलोमीटरच्या जरा वर वाढलं आहे. चाळीस टक्के नाही, पण जे आहे ते वहीत आहे. पेट्रोल बचतीसाठी सरकारची पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं हेच तर सांगते: टायरची हवा बघा, सिग्नलला इंजिन बंद करा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, वेग ४५ ते ५५ च्या दरम्यान ठेवा. ऐकायला इतकं बेचव की कुणी बारा हजार देणार नाही!

आणि ज्यांच्या घरात असं एखादं यंत्र आधीच येऊन बसलं आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. गाडीत बसवलेलं असेल तर आधी मेकॅनिककडून बॅटरीच्या वायरी सोडवून घ्या आणि मग ते काढायला लावा. झाकण उघडताना आसपास दिवा, शेगडी, सिगारेट, काही नको. उघड्या हवेत ठेवा आणि रबरी हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. आतलं पाणी मोरीत किंवा झाडांना ओतू नका. ते तपकिरी झालं असेल तर स्टीलमधला क्रोमियम त्यात उतरलेला असू शकतो, आणि तो विषारी असतो. त्यात ॲसिड, टॉयलेट क्लीनर असलं काही मिसळू नका. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारा, त्यांच्याकडे अशा गोष्टींची विल्हेवाट लावायची सोय असते. तोवर त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. कुणी कॉस्टिक सोड्याऐवजी मीठ घालायला सांगत असेल तर त्यातून क्लोरीन निघतो, तो बंद खोलीत फार वाईट. अंगावर किंवा डोळ्यांत उडालंच तर लिंबू, व्हिनेगर, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. आणि हो, ती लोणच्याची बरणी कितीही घासली तरी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.